पाणी वर का चढतं?

बी.एड.चा विज्ञान अध्यापन पद्धतीचा तास. ताटलीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती. छात्राध्यापिका तिच्यावर काचेचा ग्लास पालथा घालते. ज्योत बारीक होत विझते आणि पाणी ग्लासात चढतं. "ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली," ती सांगते. पाठ टाचणातही हेच लिहिलंय. वर्ग माना डोलावतो.

मॅडम चूक-बरोबर काहीच बोलत नाहीत. "तीन मेणबत्त्या लावल्या तर?" एवढंच विचारतात.

"तेवढंच चढेल. ग्लास तोच, ऑक्सिजनही तेवढाच." अंदाज फळ्यावर जातो. प्रयोग होतो. पाणी आधीच्या खुणेच्या बरंच वर जातं आणि वर्गात गलका उठतो.

"पुन्हा करून बघू!" आता सगळे टेबलाभोवती. एक जण ग्लासाच्या काठाशी डोळे नेतो. "अरे, बुडबुडे बाहेर येतायत!" दुसरीला दिसतं की ज्योत विझल्यावरच पाणी झपाट्याने चढतंय. हळूहळू तर्क जुळतो : ज्योतीने हवा तापली, प्रसरण पावली, थोडी निसटली. उरलेली गार होताच आतला दाब उतरला आणि बाहेरच्या हवेने पाणी आत ढकललं. ऑक्सिजन जळण्यात वापरला जातोच, पण त्यातून कार्बन डायऑक्साइडही तयार होतो.

"तपासणार कसं?" मॅडम विचारतात.

थोडा वेळ कुणीच बोलत नाही. मग टाचणवाली छात्राध्यापिकाच म्हणते, "ज्योतच नको. ग्लास गरम पाण्याने तापवून पालथा घालू." घालतात. मेणबत्ती नसतानाही पाणी चढतं!

शिक्षकांनी आधी स्वतः प्रयोग करायचे, चुकायचं, वाद घालायचा, हा आग्रह मध्य प्रदेशात १९७२ला सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमानेही धरला होता. तो किती रास्त आहे, ते इथे दिसतंय. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेतल्या अनुभवासाठी किमान २० आठवडे असतात. त्या काळात ही मंडळी नुसती तयार उत्तरंही वाचून दाखवू शकतील. पण स्वतःचा अंदाज कोसळताना ज्याने पाहिलाय, तो शिक्षक मुलांचा चुकलेला अंदाज खोडत नाही. तो विचारतो, "तपासणार कसं?"