उंदराचे इंजेक्शन?

“सिस्टर, हे उंदरापासून केलेलं म्हणे. घेऊ का?” हाडे ठिसूळ झालेल्या आजी डेनोसुमॅबची चिठ्ठी दाखवत होत्या.

प्रश्न रास्त आहे. १९७५ साली उंदराच्या पेशींतून हवे ते प्रतिपिंड बनवणे जमले. पण आपले शरीर त्याला परके समजते. म्हणून १९९४ पर्यंत शास्त्रज्ञांनी उंदराची प्रतिपिंडाची जनुके बंद पाडून माणसाची बसवली. उंदीर तोच, प्रतिपिंड माणसाचे! डेनोसुमॅब अशाच उंदरांमुळे सापडले. मात्र ते उंदराच्या रक्तातून काढत नाहीत, कारखान्यात पेशी वाढवून बनवतात.

भीती तारीख चुकण्याची बाळगा. दर ६ महिन्यांच्या डोसमध्ये खंड पडला तर मणके मोडू शकतात. महाग आहे, म्हणून पुढच्या डोसची सोय आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा. आजींचे कॅल्शियम आम्ही तपासायला पाठवले आहे.