रंगविचार – लेखांक चौथा : जमा आणि वजावट

लोलकाने सूर्यप्रकाशाचे पृथक्करण कसे होते हे मागील लेखांकात आपण पाहिले. आता प्रश्न उरतो तो मूळ रंगांचा. शाळेत चित्रकलेच्या तासाला लाल, पिवळा व निळा हे मूळ रंग म्हणून पाठ करावयाचे, तर मोबाइलच्या पडद्यावर तोच मान लाल, हिरव्या व निळ्या रंगांस मिळालेला पाहावयाचा, ही विसंगती ज्या वाचकांना खटकली असेल त्यांची शंका रास्तच म्हटली पाहिजे.

तिचा उलगडा असा की, येथे दोन स्वतंत्र खाती आहेत : प्रकाशाचे खाते जमेचे, रंगद्रव्याचे वजावटीचे. डोळ्यांतील तीन प्रकारच्या शंकुपेशींच्या कमीअधिक उत्तेजनातून रंगाची जाणीव उत्पन्न होत असल्याने, अंधाऱ्या भिंतीवर लाल व हिरवे झोत एकत्र पाडले असता पिवळा, आणि त्यांत निळ्याची भर घातली असता पांढरा रंग दिसतो.

रंगद्रव्य मात्र स्वतः काहीच देत नाही. पडलेल्या प्रकाशातून आपला हिस्सा वसूल करून बाकी तेवढी परत करते. फाल्गुनात जळगाव जामोदच्या उत्तरेस सातपुड्याच्या उतारावर फुलणाऱ्या पळसाची फुले उकळून काढलेला रंग केशरी-पिवळा दिसतो, तो प्रकाशातील निळा-जांभळा भाग त्याने गिळल्यामुळे. नीळ दिलेले कापड हळदीच्या पाण्यात बुडवून जुने रंगारी हिरवा रंग साधीत, त्याचेही इंगित हेच : निळीने तांबड्याकडील भाग घेतला, हळदीने निळ्याकडील, मधला हिरवा तेवढा शिल्लक राहिला. मात्र हळदीत चुना पडताच उमटणारा लाल रंग या खात्यात धरू नये. तेथे हळदीतील द्रव्याचीच रचना पालटते, तो रसायनाचा प्रकार होय.

ही दोन्ही खाती जेथे एकमेकांस भिडतात ते ठिकाण म्हणजे तिरंगी छपाई. राजा रविवर्म्याच्या छापखान्यात एकेका चित्रासाठी रंगागणिक निराळा दगड लागे. त्या छापखान्यासाठी काम केलेले आणि पुढे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणणारे दादासाहेब फाळके, रंगीत छपाईची यंत्रसामग्री व विद्या मिळविण्यासाठी १९०९ साली जर्मनीस गेले होते. तिरंगी छपाईत मूळ चित्राची छायाचित्रे लाल, हिरव्या व निळ्या काचांतून घेतात, आणि त्यांवरून सिद्ध होणारे ठसे अनुक्रमे आकाशी, किरमिजी व पिवळ्या शाईने उमटवितात. प्रकाश तीन रंगांत विभागावयाचा आणि त्या प्रत्येकाची वजावट करणारी शाई कागदावर चढवावयाची, असा हा हिशेब आहे. म्हणून रंगद्रव्यांचे खरे मूळ त्रिकूट आकाशी, किरमिजी व पिवळा हे होय. शाळेतील लाल व निळा हे किरमिजी व आकाशीचे ढोबळ प्रतिनिधी.

वाचकांनी भिंतीवरील दिनदर्शिकेचे रंगीत चित्र भिंगाखाली अवश्य पाहावे; या तीन शायांचे आणि सोबतीच्या काळ्या शाईचे ठिपके त्यांत स्पष्ट दिसतील. या तिघींच्या मिश्रणातून काळा रंग निघावयास हवा असता चौथी शाई का लागते, याचा विचार पुढील लेखांकी करू.