जुनं शिलाई मशीन घरात मांडताय? आधी हे वाचा

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात बिडाच्या पायांचं जुनं मशीन दिसलं, तर आधी त्याचा नंबर शोधा. सिंगरचं असेल तर तो उजवीकडे, खालच्या पट्टीवर कोरलेला असतो. सुरुवातीला एफ किंवा वाय असेल तर मशीन स्कॉटलंडच्या क्लाइडबँक कारखान्यातलं, जी असेल तर अमेरिकेतलं. क्लाइडबँकचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. नंबरवरून बहुतेक वेळा वर्षही कळतं. उषाची जुनी मशीनंही तितकीच देखणी, आणि आपल्याकडे सहज मिळतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं: स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात लावू नका! काळ्या रंगावरच्या सोनेरी नक्षीवर लाखेचा थर असतो, तो स्पिरिटने विरघळतो आणि नक्षी निघून येते. मऊ सुती कापडावर शिलाई मशीनचं तेल घ्या आणि हलक्या हाताने पुसा. कापड काळं होत जाईल, नक्षी उजळत जाईल. पायांवरचा सुटा गंज तारेच्या ब्रशने काढून वर मॅट काळा रंग द्या.

मशीन काढून नुसत्या पायांवर काच टाकून टेबल करतात, पण चालू मशीन मोडून असं करणं मला पटत नाही. मशीन वरच ठेवा, शेजारी एखादी कुंडी (खाली ताटली हवीच, पाण्याने लाकूड फुगतं). घरात लहान मुलं असतील तर चाकावरचा चामड्याचा पट्टा उतरवून ठेवा, बोटं अडकतात.