सहीअभावी कर्ज

अमेरिकेत शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्यांना केंद्र सरकारकडून ‘टीच ग्रँट’ हे अनुदान मिळते. त्याचा कायदा २००७ चा. वर्षाला जास्तीत जास्त ४,००० डॉलर, पदवीपर्यंत मिळून १६,०००. सरकारी खर्चकपातीमुळे अलीकडे हातात पडतात ते ३,७७२ डॉलर. घरच्या उत्पन्नाची अट नाही, गुणांची आहे: चारपैकी ३.२५ सरासरी, नाहीतर प्रवेश परीक्षेत वरच्या पंचवीस टक्क्यांत नंबर.

बदल्यात नोकरी करून द्यावी लागते. शिक्षण संपल्यापासून आठ वर्षांच्या आत चार वर्षे पूर्णवेळ शिकवायचे, तेही गरीब घरांतली मुले जास्त असलेल्या शाळेत, आणि शिक्षकांची टंचाई असलेला विषय: गणित, विज्ञान, परकीय भाषा, विशेष मुलांचे शिक्षण. महाराष्ट्रात एमबीबीएसनंतरच्या ग्रामीण सेवेच्या बाँडची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. सेवा टाळणाऱ्याला तिथे दंड भरावा लागत आला आहे. ‘टीच ग्रँट’मध्ये सेवा पुरी झाली नाही, तर मिळालेले सगळे अनुदानच कर्ज होते, आणि व्याज लागते ते पैसे मिळाल्या दिवसापासून. एकोणिसाव्या वर्षी घेतलेल्या पैशांचे व्याज पंचविशीत एकदम मागे लागते.

अट कडक असली तरी लपवलेली नव्हती. घोळ झाला तो कागदांत. आपण अजून शिकवतो आहोत, असा फॉर्म शिक्षकाने दरवर्षी मुख्याध्यापकांच्या सहीनिशी पाठवायचा. एखादी सही किंवा तारीख राहिली, पाकीट एक दिवस उशिरा पोहोचले, की अनुदानाचे कर्ज व्हायचे, आणि ते परत फिरवता येत नसे. गरीब वस्तीतल्या वर्गात गणित शिकवणारा माणूसही त्यातून सुटला नाही. जुलै २०१४ पूर्वी ज्यांच्या सेवेची मुदत सुरू झाली, त्यांच्यापैकी ६३ टक्के लोकांच्या अनुदानाचे कर्ज झाल्याचे शिक्षण खात्याच्याच २०१८ च्या अभ्यासात दिसले. त्यात पेशा सोडलेलेही होते. पण शंभरातल्या त्रेसष्टांचे कर्ज होत असेल, तर त्या योजनेला अनुदान म्हणणे धाडसाचेच.

त्याच वर्षी एनपीआर या रेडिओने अशा शिक्षकांच्या कहाण्या लावून धरल्या. वर्ष सरता सरता खात्याने जुनी प्रकरणे पुन्हा तपासायचे ठरवले. जुलै २०२१ पासून नियमही बदलला: वार्षिक फॉर्म चुकला एवढ्यावरून आता अनुदानाचे कर्ज होत नाही. चार वर्षांची सेवा मुदतीत पुरी झाली नाही, तर मात्र व्याज आजही प्रत्येक हप्ता मिळाल्या दिवसापासूनच मोजले जाते.