भूविज्ञानाचा शिक्षक

२०१८ च्या नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीच्या परिसरात भूकंपाचे लहानमोठे धक्के बसू लागले. दादरा व नगर हवेलीचा प्रदेश त्याला अगदी लागून आहे. अशा धक्क्यानंतर मूल शाळेत येते ते एकच प्रश्न घेऊन: जमीन का हलली? हा प्रश्न राज्याची सीमा मानीत नाही. त्याचे नीट उत्तर देणारा शिक्षक कसा तयार होतो, हे आज पाहावयाचे आहे.

माध्यमिक शाळेत भूविज्ञान हा स्वतंत्र विषय नाही. खडक, भूकंप, नदीचे कार्य, पर्जन्य हे सारे प्रामुख्याने भूगोलात येते. म्हणून नववी-दहावीच्या शिक्षकाचा रूढ मार्ग म्हणजे भूगोल घेऊन पदवी आणि नंतर बी.एड. हा शिक्षणक्रम पूर्वी एक वर्षाचा होता. २०१५ पासून तो दोन वर्षांचा झाला व त्यात सुमारे वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. अकरावी-बारावीला शिकवावयाचे तर सामान्यतः पदव्युत्तर पदवीही हवी. भूशास्त्राच्या पदवीधराने मात्र आपली पदवी कोणत्या शालेय विषयासाठी ग्राह्य धरली जाते, याची चौकशी बी.एड.ला प्रवेश घेण्यापूर्वीच करावी. पुढचा मनस्ताप त्याने टळेल.

परंतु पदव्या मिळाल्या म्हणजे तयारी पुरी झाली, असे नव्हे. भूगोलाच्या पदवीधराला नकाशा उत्तम वाचता येतो, पण खडक हाती घेऊन पाहण्याची सवय त्याला असेलच असे नाही. भूशास्त्राच्या पदवीधराला खडक ओळखता येतो, पण पंधरा वर्षांच्या मुलाला तो कसा ओळखावयास शिकवावा, हे ठाऊक नसते. ही उणीव भरून काढण्याची संधी म्हणजे ते वीस आठवडे.

त्यासाठी महागडी प्रयोगशाळा नको. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्हारसाचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, आपल्या पायाखालीच आहे. त्यातील बारीक पोकळ्या या लाव्हारसातून निसटलेल्या वायूच्या खुणा होत. दमणगंगा सह्याद्रीतून दगड घेऊन निघते आणि वाटेत त्यांचे गोटे करते. मधुबन धरणाच्या जलाशयात तिचा वेग मंदावतो व गाळ खाली बसतो. झीज, वहन आणि निक्षेपण हे तीन पाठ एका नदीकाठी शिकविता येतात.

आता पुन्हा त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. तयार शिक्षक सांगेल, की भूकवचातील खडकांवर ताण साचतो आणि जुन्या भेगेवर ते एकाएकी सरकले म्हणजे जमीन हादरते. दख्खनचे पठार कठीण असले तरी अभेद्य नाही; १९६७ मध्ये कोयनेला आणि १९९३ मध्ये किल्लारीला ते दिसले. तो हेही सांगेल, की भूकंपाची तारीख व वेळ आधी सांगणे आजही कोणास साधलेले नाही. तेव्हा तारखेसह उठणाऱ्या अफवेवर विश्वास ठेवू नये. धक्का बसताच मजबूत मेजाखाली डोके झाकून बसावे आणि तो थांबल्यावर उघड्यावर यावे.

भूमीचे हलणे थांबविणे कोणाच्या हाती नाही. मुलांच्या मनातील भीतीची जागा ज्ञानाने भरणे मात्र शिक्षकाच्या हाती आहे, आणि त्याच्या शिक्षणाची खरी परीक्षा तीच होय.