वीज जाईपर्यंत चालणारे ठिबक

रात्री उशिरा वीज येते, मोटार सुरू होते आणि वीज जाईपर्यंत ठिबक चालू राहते. पर्जन्यछायेतल्या तालुक्यांमध्ये टोमॅटोच्या कित्येक प्लॉटवर पाण्याचे वेळापत्रक हेच. पाटाने दारे धरण्याची पद्धत गेली, तिची सवय मात्र नळीत उतरली.

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार पाटपाण्यातले साधारण ६० टक्के पाणी पिकाच्या कामी येते, ठिबकातले ९० टक्के. पण हे ९० टक्के संच बसवल्याने मिळत नाहीत. तो किती वेळ चालवला, यावर ते ठरते. मुरमाड जमिनीत जादा पाणी मुळांखाली निघून जाते आणि जाताना महागडे नत्रही घेऊन जाते. भारी काळ्या रानात वाफसा मोडतो, मुळांना हवा मिळत नाही. मग मधेच ताण आणि एकदम भरपूर पाणी, असे झाले की टोमॅटो तडकतात.

हिशेब अवघड नाही. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. कडक उन्हात बाष्पीभवन पात्रातून दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडाले, तर पात्राचा आणि पिकाचा गुणांक धरून फळे लागलेल्या टोमॅटोची गरज सुमारे साडेसहा मिलिमीटर येते. दोन गादीवाफ्यांत दीड मीटर आणि दोन ड्रिपरमध्ये ४० सेंटिमीटर अंतर असेल, तर एका ड्रिपरच्या वाट्याला ०.६ चौरस मीटर जागा येते, म्हणजे जवळपास ४ लिटर पाणी. ताशी ४ लिटरचा ड्रिपर असेल तर तासाभरात काम झाले! नुकत्याच लावलेल्या रोपाला याच्या निम्मेही पुरते. वाफ्यावर मल्चिंग असेल तर उघड्या मातीतून उडणारे पाणीही वाचते.

अर्थात, प्रत्येक ड्रिपर तेवढे पाणी देतो का, हे पाहायला हवे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने तोट्या बुजतात आणि ओळीच्या टोकाची झाडे उपाशी राहतात. लॅटरलची टोके उघडून नळ्या धुणे, फिल्टर साफ ठेवणे, गरजेनुसार आम्लप्रक्रिया करणे ही कामे पाणी देण्याचाच भाग आहेत. सरकारी अनुदान संच बसवण्यासाठी मिळते. मातीतला ओलावा दाखवणारा साधा टेन्शिओमीटरही प्रत्येक संचासोबत द्यायला हवा.

एवढे करूनही विहिरीतली पातळी वाढेलच असे नाही, कारण वाचलेल्या पाण्यावर लगेच आणखी एकर-दोन एकर लागवड होते. हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याचा उरत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तो ग्रामसभेत सोडवला. गावाचे सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे पावसाच्या मोजमापावरून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि कोणती पिके घ्यायची ते त्यावरून ठरते. शेतीसाठी बोअर घ्यायला आणि ऊस, केळी लावायला तिथे बंदी आहे. कांदा आणि भाजीपाला यांना मात्र या ताळेबंदात जागा आहे.