प्रेमदेवतेला नोकरी लागते

देवाची पूजा थांबली की त्या देवाचे पुढे काय होते? ग्रीक देवतांची देवळे इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांत बंद पडली. पुजारी गेले, बळी थांबले. देवता मात्र गेल्या नाहीत. त्या कवींच्या आणि शिल्पकारांच्या आश्रयाला गेल्या. विसाव्या शतकात तर त्यांतल्या एकीला न्यूयॉर्कमध्ये, दहा सेंटला मिळणाऱ्या चित्रकथेच्या पुस्तकात, चक्क नोकरी लागली! ही देवता म्हणजे प्रेमाची अधिष्ठात्री अफ्रोडायटी. रोमन लोक तिला व्हीनस म्हणत, आणि चित्रकथेतही तिचे नाव व्हीनसच आहे.

श्रोत्यांपैकी अनेकांनी लहानपणी वेताळाच्या गोष्टींची इंद्रजाल कॉमिक्स वाचली असतील. मुंबईत १९६४ साली सुरू झालेली ती मालिका १९९० साली बंद पडली. अमेरिकेत या प्रकाराचा बहर त्याच्या कितीतरी आधीचा. १९३८ साली सुपरमॅन आला आणि त्याच्या मागोमाग अचाट शक्तीच्या नायकांची रांगच लागली. दुसरे महायुद्ध संपल्यावर मात्र या वीरांचा खप उतरला. वाचकांना, विशेषतः तरुण मुलींना, प्रेमकथा हव्या होत्या. टाइमली नावाच्या प्रकाशनसंस्थेने मग १९४८ च्या ऑगस्टमध्ये 'व्हीनस' हे पुस्तक काढले. संपादक होते स्टॅन ली. हीच संस्था पुढे मार्व्हल म्हणून जगभर गाजली.

गोष्ट अशी. व्हीनस शुक्रग्रहावर राहते. दासी आहेत, वैभव आहे, पण जीव कंटाळलेला. (आपल्याकडे शुक्र हा पुरुष, आणि तोही असुरांचा गुरू, त्याला असा कंटाळा आल्याचे ऐकिवात नाही.) ती पृथ्वीवर उतरते. 'ब्यूटी' नावाच्या मासिकाचा मालक व्हिटनी हॅमंड तिला आपल्या कचेरीत घेतो, संपादिका करतो. ती त्याच्यावर प्रेम करू लागते आणि कचेरीतली डेला नावाची मुलगी तिच्यावर जळू लागते. आपण देवता आहोत हे ती लपवीत नाही. कोणी विश्वास ठेवीत नाही, इतकेच.

आता मूळची अफ्रोडायटी कोण होती ते पाहू, म्हणजे या बदलात काय हरवले ते कळेल. ती समुद्राच्या फेसातून जन्मली असे हेसिअड सांगतो. होमर तिला झ्यूस आणि डायोनीची मुलगी म्हणतो. तिच्या सौंदर्याची वर्णने पुष्कळ आहेत. पण ग्रीकांना ती नुसती सुंदर वाटत नव्हती, तिची त्यांना धास्ती वाटे. 'इलियड'च्या तिसऱ्या सर्गात हेलन पॅरिसच्या महालात जायला नकार देते. त्याबरोबर देवीचा सूर पालटतो. जितके प्रेम केले तितकाच द्वेष करीन आणि मग तू वाचणार नाहीस, असा दम ती हेलनला देते. हेलन मुकाट्याने जाते.

युरिपिडीसचे 'हिपोलिटस' हे इसवी सनापूर्वी ४२८ सालचे नाटक याहून कठोर आहे. हिपोलिटस हा तरुण राजपुत्र शिकारीची देवता आर्टेमिस हिचा भक्त. अफ्रोडायटीला तो मान देत नाही. तेवढ्यासाठी ती त्याच्या सावत्र आईच्या, फीड्राच्या, मनात त्याच्याविषयी अभिलाषा पेटवते. फीड्रा गळफास घेते आणि जाताना त्याच्यावर खोटा आळ ठेवणारे पत्र लिहून ठेवते. बापाच्या शापाने हिपोलिटस आपल्याच घोड्यांमागे फरफटत जाऊन मरतो. फीड्राचा काय अपराध? काहीच नाही, आणि हे देवीला ठाऊक आहे. नाटकाच्या आरंभीच ती तसे सांगते, आणि तरीही थांबत नाही. प्रेम माणसाला विचारून येत नाही, आणि येते ते घर बुडवूनही जाऊ शकते, हा अनुभव ग्रीकांनी या देवीच्या रूपाने मांडला.

न्यूयॉर्कच्या कचेरीतल्या व्हीनसमध्ये यातले काय उरले? रूप उरले. तिला पाहून पुरुष खुळावतात, पण त्याची गंमत होते, घर बुडत नाही. माझ्या मते हे अज्ञानातून झाले नाही, ती गोष्टीचीच गरज होती. नायिकेला हरण्याची, गमावण्याची शक्यता हवी. तिच्याविषयी वाचकाला काळजी वाटली पाहिजे. देवाला मरण नाही. 'इलियड'मध्ये डायोमिडीझ अफ्रोडायटीच्या हातावर भाला मारतो, तेव्हा ती रडत आईकडे जाते, जखम तिथेच बरी होते, संपले! तिची काळजी कोण करणार? म्हणून तिला आधी नोकरदार मुलगी करावे लागले.

पुढे मालिका बाजार फिरेल तशी फिरली. प्रेमकथांतून अंतराळकथा झाल्या, शेवटी बिल एव्हरेट या चित्रकाराच्या हातात भुताखेतांच्या कथा. १९ अंकांनंतर १९५२ च्या एप्रिलमध्ये ती बंद पडली. एव्हरेटने १९७३ साली दुसऱ्या एका मालिकेत तिला पुन्हा आणले. तिथे ती शांततावादी आहे आणि युद्धदेव एरीझ तिचा शत्रू. मौज अशी की होमरच्या 'ओडिसी'त एरीझ हा तिचा प्रियकर! तिचा नवरा हेफेस्टस त्या दोघांना जाळ्यात पकडतो आणि सगळे देव हसतात. प्रेम विरुद्ध युद्ध ही सरळ वाटणी आधुनिकांची आहे. स्पार्टात तर शस्त्र धारण केलेली अफ्रोडायटी पूजिली जात असे.

खरी उलथापालथ २००६ साली झाली. जेफ पार्कर या लेखकाने 'एजंट्स ऑफ ॲटलस' या मालिकेत एक धाडस केले. त्याने सांगून टाकले की ही व्हीनस ती देवी नव्हेच. ही एक सायरन. गिरणीच्या भोंग्याला आपण सायरन म्हणतो तो शब्द मूळ यांचा; गोड गाण्याने खलाशांना ओढून त्यांचा नाश करणाऱ्या या स्त्रिया 'ओडिसी'त भेटतात. पार्करच्या कथेत एका मांत्रिकाने हिला आत्मा दिला, आणि आत्मा मिळताच आपण काय केले हे तिला कळले. त्या पश्चात्तापानंतरच्या दीर्घ काळात ती स्वतःला प्रेमदेवता समजू लागली.

तिची शक्ती आता तिच्या आवाजात आहे. ती गाते, शत्रू शस्त्र विसरतात, आणि रक्त सांडत नाही. हे चांगलेच म्हणायचे. पण त्या माणसांनी काही ठरवलेले नसते. त्यांच्या वतीने ते ठरून गेलेले असते. हेलन जशी मुकाट्याने गेली तशीच तीही जातात. फरक एवढाच की होमरच्या देवीला त्याचे काही वाटले नव्हते, आणि या सायरनला बुडालेल्या खलाशांची आठवण आहे.